खोट्या शिक्क्याचा पिंजरा

परदेशी निघालेल्या कुत्र्याला किंवा मांजराला कुणी अडवलं की आपल्याकडे लगेच गळे काढले जातात. जर्मनीवाले छळतात, इंग्रज अजून आपल्याला गुलाम समजतात, अमेरिकेला आपलं काहीच पटत नाही. ही रडगाणी मला आता ऐकवत नाहीत. बऱ्हाणपूरच्या जिल्हा न्यायालयात मी वकिली करतो. मुलगा-मुलगी परदेशात स्थिरावते, घरचा मुका जीव मागे राहतो, आणि मग त्याचे कागद नीट करून घ्यायला आई-बाप माझ्याकडे येतात. ते कागद पाहून पाहून माझं मत पक्कं झालं आहे. आपल्या जनावरांच्या वाटेतला पिंजरा परदेशी सरकारांनी बांधलेला नाही. तो आपण बांधला आहे, खोट्या शिक्क्यांनी, कोऱ्या रजिस्टरांनी आणि ‘कोण बघतंय’ या वृत्तीने.

आधी नियम समजून घ्या. शिव्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो वाचलेलाच नसतो. युरोपियन संघात कुत्रं-मांजर न्यायचं तर पहिल्यांदा त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवायची. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, तिच्यात १५ आकडी क्रमांक. चिप बसल्यावर रेबीजची लस. जनावर किमान १२ आठवड्यांचं हवं. लसीनंतर ३० दिवस थांबायचं, मग रक्त काढून संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरलं पाहिजे. नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, तेही प्रवेशाआधीच्या १० दिवसांतलं. एवढं चोख केलं की तिथल्या विमानतळावर चिप वाचतात, कागद पाहतात आणि जनावर मालकाबरोबर घरी जातं. विलगीकरण एक दिवसाचंही नाही.

ब्रिटनचा नियम थोड्याफार फरकाने हाच. जपान रक्ताच्या नमुन्यानंतर १८० दिवस थांबायला लावतो. ते दिवस इथे घरी काढले तर तिथली तपासणी काही तासांत उरकते. न काढले तर उरलेले दिवस जनावर तिथल्या विलगीकरण केंद्रात काढतं. ऑस्ट्रेलिया मात्र भारतातून थेट येणारं कुत्रं-मांजर घेतच नाही.

यात अपमान कुठे आहे? ब्रिटनने १९०१ पासून बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवायचा नियम केला. हिंदुस्थानातून नोकरी संपवून मायदेशी परतणाऱ्या साहेबाच्या कुत्र्यालाही तोच नियम. १९०२ साली त्यांनी रेबीज संपवला. पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून कुत्री आणली, १९१८ साली रोग परत आला आणि तो पुन्हा निपटायला १९२२ उजाडलं. एका लपवलेल्या कुत्र्याची किंमत काय असते ते त्या देशाने अंगावर झेललं आहे. म्हणून त्यांनी ती सहा महिन्यांची कोठडी जवळजवळ शतकभर टिकवली, आणि २८ फेब्रुवारी २००० रोजी ठरावीक देशांपुरती उघडली. कुणावर मेहेरबानी म्हणून उघडली नाही. जनावराची ओळख चिपने पटू लागली, लशीचा परिणाम रक्तात मोजता येऊ लागला, मग कोंडण्याची गरज उरली नाही. भारताचं नाव मात्र त्या देशांत नव्हतं. आपल्या जनावरांना २०११च्या अखेरपर्यंत ते सहा महिने भोगावेच लागले. १ जानेवारी २०१२ पासून आपल्यालाही तीन महिन्यांची वाट खुली झाली. म्हणजे दार उघडलेलं आहे. आत जायला फक्त खरा कागद लागतो, आणि नेमका तोच आपल्याकडे नाही.

अशी एक लसीकरणाची पुस्तिका माझ्या टेबलावर आली होती. इथल्याच लालबागेतलं कुटुंब. मुलगी नोकरीला जर्मनीत. राजघाटावर सापडलेलं गावठी पिल्लू तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं, आता त्या कुत्रीला तिला न्यायचं होतं. पुस्तिकेत चार रकाने: तारीख, लशीच्या कुपीवरून काढून चिकटवलेलं लेबल, पुढची तारीख, सही-शिक्का. पहिल्या वर्षीची नोंद स्वच्छ होती. दुसऱ्या वर्षी लेबलच नव्हतं, नुसतं ‘रेबीज’ असं लिहून सही ठोकलेली. तिसऱ्या वर्षीचं लेबल मी भिंगाखाली धरलं. त्यावर छापलेली लशीची मुदत पुस्तिकेत लिहिलेल्या तारखेच्या आधीच संपलेली होती. तारखेतला महिना निळ्या शाईवर काळ्या शाईने गिरवलेला. म्हणजे मुदत संपलेली लस टोचली, किंवा टोचलीच नाही आणि जुनं लेबल चिकटवलं. तिसरी शक्यता मला दिसत नाही. आणि चिप? ती या सगळ्या नोंदींनंतर बसवलेली. चिपच्या आधीची लस युरोपच्या लेखी शून्य. कारण उघड आहे: ज्याची ओळख पटलेली नाही त्या जनावराला लस दिली, हे सिद्ध कसं करणार?

मुलीचे वडील म्हणाले, “वकीलसाहेब, एक शपथपत्र बनवून द्या ना. लस वेळेवर झाली होती असं मी लिहून देतो. सगळेच करतात.”

मी म्हटलं, “काका, शपथपत्राने रक्तात प्रतिपिंडं तयार होत नाहीत. चिप आहेच, आता लस पुन्हा द्या, महिनाभर थांबा, रक्त पाठवा, तीन महिने वाट बघा.” ते रागावून उठले. त्यांचा राग माझ्यावर होता, जर्मनीवर होता. ज्याने ते लेबल चिकटवलं त्याच्यावर मुळीच नव्हता. त्या दवाखान्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण प्रश्न एका दवाखान्याचा नाही. जनावराला हात न लावता मिळणारी सही आपल्याला सोय वाटते. डॉक्टरने “कुत्रं घेऊन या, त्याशिवाय लिहिणार नाही” म्हटलं तर आपण त्याला आडमुठा म्हणतो आणि दुसऱ्याकडे जातो. खोटी सही करणारा जितका दोषी, तितकाच ती मागणारा.

या दोषाची किंमत जगाने वसूल केली आहे. २०२० साली बनावट किंवा अपुरी रेबीज प्रमाणपत्रं घेऊन आलेली ४५०हून अधिक कुत्री अमेरिकेने अडवली. मग १४ जुलै २०२१ पासून रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून कुत्री आणण्यावर स्थगिती आली. ती सगळी कुत्री भारतातली नव्हती, पण त्या देशांच्या यादीत भारत होता आणि आजही आहे. १ ऑगस्ट २०२४ पासूनचा नवा नियम असा: कुत्रं सहा महिन्यांपेक्षा लहान नको, चिप हवीच, लशीचं प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाने तपासून सही केलेलं हवं, कुत्रं ठरावीक विमानतळांवरच उतरवायचं आणि तिथल्या मान्य केंद्रात तपासणी करून घ्यायची. रक्ताचा अहवाल नसेल तर त्याच केंद्रात मालकाच्या खर्चाने २८ दिवस. कुठल्यातरी गावात कुणीतरी पैसे घेऊन खोटा शिक्का मारला आणि प्रामाणिक माणसाचं कुत्रं २८ दिवस परक्या पिंजऱ्यात बसलं. हे सरळ कार्यकारणभावाचं प्रकरण आहे.

आणि आपल्या कागदावर जगाने विश्वास का ठेवावा, याचं उत्तर आपले सरकारी आकडेच देतात. २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर घटना नोंदल्या गेल्या आणि रेबीजचे संशयित मृत्यू नोंदले गेले ५४. हे संसदेत सांगितलेले आकडे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशाच्या १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचा अंदाज मात्र वर्षाला सुमारे ५,७२६ मृत्यूंचा आहे. रजिस्टरात ५४, आणि पाहणीत साडेपाच हजारांवर. जो देश आपल्या मेलेल्या माणसांची नोंद धड ठेवत नाही, त्याच्या कुत्र्याच्या पुस्तिकेवर फ्रँकफर्टच्या विमानतळावरचा अधिकारी डोळे मिटून विश्वास ठेवेल, ही अपेक्षाच निलाजरी आहे. तो रक्त मागतो, कारण रक्ताला खोटी सही करता येत नाही.

शिवाय आपण स्वतः काही कमी कडक नाही. बाहेरून येणाऱ्या जनावरांसाठी आपला कायदा १८९८चा आहे. पुण्या-मुंबईत प्लेगच्या नावाखाली माणसांना घरांतून ओढून छावण्यांत नेलं गेलं, त्याच्या पुढच्याच वर्षीचा. परदेशातला मुक्काम हलवून भारतात परतणाऱ्याला सामानाच्या नियमांत दोनच पाळीव जनावरं आणता येतात. आधी पशु विलगीकरण केंद्राची ना-हरकत, तिकडच्या सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र, लशींचा पुरावा. आणि उतरायचं ते मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता अशा मोजक्याच विमानतळांवर. कागद अपुरे असले की आपणही ३० दिवस कोंडतो. व्यापारासाठी कुत्री आयात करणं तर २०१६ पासून बंद आहे. बाहेरून आलेल्या कुत्र्याकडे आपण रेबीजच्या लशीचा दाखला मागतो. मागायलाच हवा. पण मग स्वतःच्या अंगणातल्या कुत्र्याकडे तो का मागत नाही?

आता आपल्या सीमेकडे या. बऱ्हाणपूर हे मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरचं गाव. इंदूरहून येणारा रस्ता इच्छापूरला संपतो आणि पुढे मुक्ताईनगर लागतं. रेल्वेने वाघोडा, रावेर, सावदा, भुसावळ. अर्ध्या गावाची सोयरीक खानदेशात. तापी दोन्हीकडून वाहते, केळीचे मळे दोन्हीकडे आहेत, आणि मळ्यांत राखणीला असलेली कुत्री कुठल्या राज्याची हद्द पाळत नाहीत. कायदा इथेही आहे. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८च्या नियमांनुसार कुत्रं-मांजर रेल्वेने, रस्त्याने किंवा विमानाने पाठवायचं तर ते प्रवासाला ठीक आहे आणि त्याला रेबीजसकट कुठल्याही संसर्गाचं लक्षण नाही, असा पात्र पशुवैद्यकाचा दाखला बरोबर हवा. हा दाखला कधी कुणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. रोग मात्र रावेरहून बऱ्हाणपूरला यायला कुणाला विचारत नाही. लसीकरण होतं तेही दोन राज्यांच्या दोन वेगवेगळ्या फायलींत. इकडची मोहीम इच्छापूरला थांबते, तिकडची अलीकडे येत नाही. मधल्या गावातलं कुत्रं दोन्ही रजिस्टरांत नसतं.

परदेशात न्यायची कुत्रीही याच गावातून निघतात. आम्हाला सगळ्यांत जवळचं पशु विलगीकरण केंद्र मुंबईचं, जवळपास ५०० किलोमीटरवर. तिथवर न्यायचं तर रेल्वेच्या पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे राखून ठेवा, नाहीतर कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसवा. इतकं करून पोचलेल्या माणसाला पुस्तिकेतल्या एका गिरवलेल्या तारखेपायी परत फिरावं लागतं, तेव्हा त्या शिक्क्याने त्याचे पैसे तर बुडवलेलेच असतात, वर त्या जनावराचे महिनेही खाल्लेले असतात. लशीची मात्रा एक दिवसही चुकली तर आधीचा रक्ताचा अहवाल बाद होतो आणि सगळं पहिल्यापासून. हे दवाखान्यात कुणी सांगत नाही. पुढच्या मात्रेची तारीख चुकली तरी “काही होत नाही, पुढच्या आठवड्यात या” असं सांगतात. होतं. फार होतं.

माझ्या बोलण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात, इथल्या इतवाऱ्यातल्या यंत्रमाग कामगाराचं पोर कुत्रा चावून मरतं, तिथे विमानाने फिरणाऱ्या कुत्र्यांची कसली काळजी करता? माझं उत्तर असं आहे की या दोन गोष्टी एकच आहेत. लस तीच, सिरिंज तीच, रजिस्टर तेच. ज्या पुस्तिकेवर फ्रँकफर्टचा अधिकारी विश्वास ठेवत नाही, त्याच पुस्तिकेवर विश्वास ठेवून शेजारची बाई म्हणते, “चावला तरी काही होणार नाही, त्यांच्या कुत्र्याला लस दिलेली आहे,” आणि पोराला दवाखान्यात नेत नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. परदेशात खोट्या शिक्क्याची शिक्षा चार महिन्यांचा उशीर. बऱ्हाणपुरात त्याची शिक्षा मृत्यू. आणि तो मृत्यू पाळणाऱ्याच्या घरात क्वचितच होतो; तो गल्लीत खेळणाऱ्या पोराच्या वाट्याला येतो.

आमच्या पिढीला पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं आठवतात. कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली तयार केलेली ती मेंढीच्या मेंदूपासूनची लस भारतात २००४-०५च्या सुमारापर्यंत वापरात होती. पोटाच्या भीतीने पोरं पळून जायची, आया त्यांना ओढत आणायच्या, पण चौदाच्या चौदा पुरी करायच्या. आज चांगली लस दंडात, मोजक्या मात्रांत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सोय वाढली आणि शिस्त गेली.

शिस्त आणता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे बघावं. तिथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने २०१३ पासून दरवर्षी गावोगाव, रस्त्यारस्त्यावर, जाळी घेऊन कुत्र्यांना लस दिली, प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवर जागेसकट केली, शाळांतून मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्याची तपासणी केली. काही वर्षांत कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ साली गोव्याला रेबीज नियंत्रित क्षेत्राचा दर्जा मिळाला. गोवा काही परदेशात नाही. कोकणी-मराठी बोलणारं, सीमेवर सिंधुदुर्ग आणि बेळगाव असलेलं आपल्यासारखंच राज्य. फरक इतकाच की तिथे नोंद खरी ठेवली. दहातल्या सात कुत्र्यांना खरी लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. केंद्र सरकारनेही २८ सप्टेंबर २०२१ रोजी २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा जाहीर केला. आराखडा दिल्लीत आहे. बऱ्हाणपूरच्या वॉर्डात तो कधी उतरणार?

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. बऱ्हाणपूर नगर निगमने पाळीव कुत्र्या-मांजरांची नोंदणी चिपच्या क्रमांकावर करावी, मालकाच्या तोंडी शब्दावर नाही. लशीच्या कुपीचं लेबल, बॅच आणि मुदत यांची नोंद ऑनलाइन व्हावी, म्हणजे ती कुणालाही पडताळता येईल. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या लसीकरणाची जबाबदारी २०२३च्या केंद्रीय नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे, ती बऱ्हाणपूर, रावेर आणि मुक्ताईनगर यांनी एकाच आठवड्यात, एकाच नकाशावर पार पाडावी. दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एक बैठक घेतली तर हे होतं. त्याला नव्या कायद्याची गरज नाही. आणि जनावर न पाहता सही करणाऱ्याची तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जावी. १९८४च्या कायद्याने ती परिषद त्यासाठीच आहे. नोंदणीवर गदा आली की शिक्के आपोआप खरे होतील.

पण सरकारकडे बोट दाखवून मालकाची सुटका होत नाही. घरात हस्की आणायची, बऱ्हाणपूरच्या मे महिन्यात तिला जिभेने धापा टाकायला लावायची, तिच्या जातीचा कागद फ्रेम करून ठेवायचा आणि लशीचा कागद मात्र फोनवरून बनवून घ्यायचा, हे प्रेम नव्हे. जनावराला स्वतःची तारीख लक्षात ठेवता येत नाही आणि खोट्या शिक्क्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. त्याच्या वतीने खरं बोलण्याचं काम तुमचं आहे. ते जमत नसेल तर जनावर पाळू नका.

ज्यांच्या घरी कुत्रं किंवा मांजर आहे त्यांनी आज रात्री पुस्तिका काढून दिव्याखाली धरावी. लेबल आहे का, मुदत जुळते का, तारीख गिरवलेली आहे का, चिप लशीच्या आधीची आहे का, बघावं. शंका आली तर उद्याच जनावराला घेऊन दवाखान्यात जावं, आपल्यासमोर कुपी फोडायला लावावी, आपल्यासमोर लस टोचून घ्यावी आणि मगच सही घ्यावी. परदेशी जायचं असो वा नसो.